गच्चीवरच्या उन्हात समुद्राचा शर्ट

दिवाळी झाली की निम्मं पुणं कोकणात निघतं. कोणी ताम्हिणीतून दिवेआगरला, कोणी वरंध्यातून दापोलीला, आणि निघायच्या दोन दिवस आधी माडाची झाडं छापलेला एक भडक शर्ट घेतला जातो, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून नाहीतर ऑनलाइन. बीचवर सैल आणि रंगीत घालावं हे मला मनापासून पटतं, पण तो शर्ट दोन धुण्यात विटतो आणि त्यावरची झाडं ना आपल्या कोकणातली असतात ना धड हवाईतली. असा शर्ट घरी गच्चीवर, उन्हाच्या मदतीने, स्वतः छापता येतो आणि तो छापताना एका फार मोठ्या चित्रकाराचं चित्र नीट बघणंही होतं. मी गेली चार वर्षं हे करतेय, मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी चित्र. होकुसाईची लाट तुम्ही पाहिलेली असणारच, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर, कुठेतरी नक्की. जपानी चित्रकार, जन्म १७६०चा, आणि ही लाट त्याने साधारण १८३१ साली केली, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतलं हे एक चित्र. मूळ चित्र भिंतभर मोठं असेल असं वाटतं, पण आहे जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटर, लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती निघाल्या आणि साध्या माणसाला घेता येतील अशा किमतीत विकल्या गेल्या. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्याने हेच केलं, तो छापखाना १८९९मध्ये मुंबईहून मळवलीला आला, आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवरच्या मळवलीला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या, काही जणींनी तर त्या छापील चित्रांवर जर आणि कापड चिकटवून त्यांना खरी वस्त्रं नेसवली. त्यामुळे छापलेलं चित्र म्हणजे दुय्यम असं मी तरी मानत नाही.

आता ते चित्र मोबाइलवर मोठं करून निदान वीस मिनिटं बघा. खरंच वीस मिनिटं, कारण शर्टाचं अर्धं काम इथेच होतं. पहिल्यांदा फक्त लाट दिसते, मग तीन होड्या दिसतात, मग होड्यांमध्ये ओणवे होऊन वल्ही घट्ट धरलेली माणसं. ही माणसं सुट्टीवर आलेली नाहीत, ताजी मासळी शहरात पोचवणाऱ्या वेगवान होड्या आहेत त्या. मग लक्षात येतं की मागे जो छोटा त्रिकोण आहे तो फुजी आहे, एवढा मोठा पर्वत लाटेच्या पोटात एखाद्या छोट्या लाटेसारखा बसवलाय, आणि त्याच्याच आकाराची एक खरीखुरी लाट पुढे उठतेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेस. तो नखांसारखा पांढरा फेस पांढऱ्या रंगाने काढलेला नाहीये, तो कोरा कागद आहे, तिथे शाईच लावली नाही. आपल्या शर्टातही पांढरं असंच येणार आहे, न छापलेल्या जागेतून, म्हणून हे डोक्यात पक्कं बसू द्या.

आणि तो निळा. तो आहे प्रशियन ब्ल्यू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला रंग, व्यापारी जहाजांतून जपानपर्यंत गेलेला. आपण जी पद्धत वापरणार आहोत तिचं नाव सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर किंवा कापडावर उन्हाने छापणं, १८४२ साली जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली, आणि तिच्यातून जो निळा तयार होतो तो रसायन म्हणून हाच, प्रशियन ब्ल्यू. हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी या पद्धतीने समुद्रातल्या शेवाळांची चित्रं छापायला घेतली, शेवाळ थेट कागदावर ठेवून, वर ऊन. म्हणजे समुद्राशी या रंगाचं नातं जुनंच आहे. जुन्या इमारतींच्या निळ्या ब्लूप्रिंट पाहिल्या असतील, त्याही याच पद्धतीच्या.

सर्फवाल्यांचं या लाटेवर प्रेम का ते वेगळं सांगायला नको. क्विकसिल्व्हर ही १९६९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टॉर्कीला सुरू झालेली सर्फिंगच्या कपड्यांची कंपनी, तिचा लाट आणि डोंगराचा लोगो होकुसाईच्या या चित्रावरूनच आलाय. आणि हवाईचा तो सैल, भडक छापाचा प्रसिद्ध अलोहा शर्ट, तो १९३०च्या दशकात होनोलुलूच्या शिंप्यांनी शिवायला घेतला तेव्हा त्यात जपानी किमोनोचं, युकाताचं (म्हणजे सुती, हलक्या किमोनोचं) कापड होतं, पुढे एलरी चुन या तिथल्या दुकानदाराने त्याच दशकात अलोहा हे नाव रजिस्टर केलं. जपानी कापड, हवाईचा समुद्र, चिनी वंशाचा दुकानदार. अशा शर्टात आपण आपलं कोकण आणलं तर त्यात परकं काहीच नाही.

तर कापड. शंभर टक्के कॉटनच पाहिजे, पॉलिस्टर मिक्स असेल तर निळा धरत नाही, धुतल्यावर निघून जातो. पांढरं कॅम्ब्रिक सगळ्यात चांगलं, अंगाला मऊ आणि छपाईला गुळगुळीत, पॉपलीन पण चालेल, मलमल फार पातळ पडते. रविवार पेठेत नाहीतर लक्ष्मी रोडला मिळतं, ४४ इंच पन्हा असेल तर हाफ शर्टाला सव्वादोन मीटर घ्या, सैल शिवायचाय आणि ट्रायलला तुकडे लागतातच. दुकानात एक धागा काढून जाळून दाखवा म्हणावं, कॉटन कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

घरी आणल्यावर खळ काढायची. गरम पाण्यात रात्रभर भिजवून साध्या पावडरने धुवा, तीन-चार वेळा खळबळा, कंडिशनर अजिबात नको. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, थेंब लगेच जिरला तर खळ गेली, मण्यासारखा वर बसला तर परत धुवा. यात कापड आटायचं तेवढं आटूनही जातं.

मग शिंपीकाकांकडे. इथे सगळे चुकतात, आधी शर्ट शिवून मग छापायला जातात आणि शिवणीच्या घड्यांवर रंग नीट बसत नाही. काकांना सांगायचं की फक्त कटिंग करून द्या, शिवायचं नंतर. माझे काका पहिल्यांदा म्हणाले, "अहो ताई, कापलेलं कापड घरी नेऊन काय करणार, सुतं निघतील." मी म्हटलं कडेला मार्जिन जास्त ठेवा काका, छापून लगेच आणते. आता ते स्वतःच विचारतात यंदा काय छापलंय. कॉलर ओपन सांगा, वरचं बटण नसलेली, खाली गोलाई नको, सरळ दुमड आणि दोन्ही बाजूला दोन-दोन इंचाचा कट, कारण हा शर्ट खोचायचा नसतो. छातीला नेहमीपेक्षा दोन इंच सैल आणि मुंढा मोठा, म्हणजे घाम आला तरी चिकटत नाही. बटणं करवंटीची मिळाली तर फारच छान, जुन्या अलोहा शर्टांना तीच असायची.

खिशाचं एक खास सांगते. चांगल्या अलोहा शर्टाचा खिसा दिसतच नाही, पुढच्या भागावरचं चित्र खिशावरून सलग जातं. आपल्याला हे फुकट मिळतं, खिशाच्या कडा इस्त्रीने आधीच दुमडून तो पुढच्या भागावर त्याच्या जागेवर टाचून ठेवायचा आणि तसाच छापायचा, खालची जागा पांढरी राहील पण ती खिशाखाली झाकलेलीच असणार. पुढचे दोन भागही बटणं लावल्यावर जसे एकमेकांवर येतात तसेच ठेवून छापा.

रसायनं दोन. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं मागा, आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. लॅबची केमिकल विकणाऱ्या दुकानात मिळतात. पहिलं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत, फिल्टरचं पाणी वापरा. वापरायच्या वेळी सारख्या मापाने एकत्र करायचं आणि एकत्र केलेलं त्याच दिवशी संपवायचं. या २०० मिलीत पाठ, पुढचे भाग आणि दोन-चार ट्रायल होतात, बाह्या मी कोऱ्याच ठेवते. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी, चमचे, वाट्या यातलं काहीही वापरू नका, बाटल्यांवर नावं लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि टॉयलेट क्लीनरसारखं कडक ॲसिड या फेरीसायनाइडच्या जवळपासही आणू नका, विषारी वायू होतो. बाकी एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

लावायचं रात्री. ट्यूबलाइट बंद, एखादा पिवळा मंद दिवा, खाली जुनं प्लॅस्टिक, आणि स्पंजने कापडावर समान लावत जायचं. कापड ओलं व्हावं पण गळू नये. रंग पोपटी-पिवळा दिसेल, निळा नाही, बरोबर आहे ते. त्याच अंधाऱ्या खोलीत दोरीवर वाळवा, पंखा चालू असला तर दोन तासांत वाळतं, मग काळ्या पिशवीत घालून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी छापायचंच, आठवडाभर ठेवलंत तर पांढऱ्या जागाही निळसर येतात.

आता कापडावर काय ठेवायचं. मला इथे कळकळीने सांगायचंय की होकुसाईचं अख्खं चित्र छातीवर छापू नका. चित्र तिथे बसवलं की त्याचा लोगो होतो, कोणी त्याच्याकडे बघत नाही. त्याच्याकडून बघायची रीत घ्या. कुठे कोरं सोडायचं, मोठी वस्तू लहान आणि लहान वस्तू मोठी कशी करायची, माणूस कुठे ठेवायचा. सायनोटाइपमध्ये जे झाकाल ते पांढरं, जे उघडं राहील ते निळं. म्हणजे तुम्हाला लाट काढायची नाहीये, फेस काढायचाय. काळा चार्ट पेपर घ्या आणि फेसाचे आकार कात्रीने थेट कापा, पेन्सिलने आधी काढू नका, हात मोकळा राहतो. माझी पहिली दहा-बारा नखं फुलांच्या पाकळ्यांसारखी आली, मग मी चित्र समोर ठेवून मोजलं तर होकुसाईच्या फेसाची नखं एकाच दिशेला वळलेली, पण एकही दुसरीसारखी नाही, काही जाड, काही जेमतेम टोक. तसं कापल्यावर लाट हलायला लागली.

कोकणातून आणलेल्या वस्तू तर सोनंच. सुरूची बारीक पानं, नारळाच्या झावळीच्या पट्ट्या, आणि फाटक्या जाळ्याचा तुकडा. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तिथे मी एका कोळीमामांकडून टाकून दिलेलं जाळं मागून आणलं होतं. जाळं कापडावर नुसतं टाकलं की काही ठिकाणी टेकतं आणि काही ठिकाणी वर उचललेलं राहतं, टेकलेल्या जागी रेघ सुरीसारखी येते, उचललेल्या जागी धूसर, आणि छापून झाल्यावर ते जाळं खरंच पाण्यात उतरलंय असं वाटतं. शिंपले मात्र निराश करतात, नुसता पांढरा ठिपका येतो.

आपले चित्रकारही इथे कामाला येतात. प्रभाकर बरवे, जन्म अलिबागजवळच्या नागावचा, १९३६. विणकर सेवा केंद्रात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली, म्हणजे कापड त्यांच्या रोजच्या कामातलं. त्यांच्या चित्रात एक पान, एक घड्याळ, एक फळ, भोवती भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेमुळेच त्या साध्या वस्तूकडे थांबून बघावं लागतं. पाठीवर दहा वस्तू ठेवायचा मोह झाला की मी त्यांची चित्रं बघते आणि आठ उचलून टाकते. वासुदेव गायतोंडेंकडे तर वस्तूच नाही, रोलरने थरावर थर दिलेला रंग आणि त्यात हळूहळू उमटणारा उजेड. तसं काही हवं असेल तर कापडावर काहीच ठेवू नका, द्रावण लावतानाच काही जागी पातळ, काही जागी दुप्पट लावा. पण एक लक्षात ठेवा, आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे बरवे, गायतोंडे किंवा दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवणारे दीनानाथ दलाल यांचं चित्र जसंच्या तसं उचलून शर्ट विकायचे नाहीत. शिकायला कोणाची ना नाही.

खरी चित्रं समोरून बघायची असतील तर एक रविवार काढून औंधला जा. ब्रेमेन चौकाचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याचं मूळ काम आहे, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि गर्दी फार नसते.

छपाईचा दिवस. ऑक्टोबर ते मे कधीही, पावसाळ्यात नादी लागू नका. सकाळी अकरा ते दोन ऊन सरळ असतं, सावल्या आखूड पडतात. प्लायवूडवर चादर, त्यावर कापड, टाचण्या, वस्तू मांडायच्या आणि शक्य असेल तिथे वर जुन्या खिडकीची काच, कारण आमच्या कर्वेनगरच्या गच्चीवर वारा असा येतो की कापलेला फेस शेजारच्या काकूंच्या सांडग्यांत जाऊन पडतो. आधी छोट्या तुकड्यावर ट्रायल घ्या, अर्धा झाकून दर चार मिनिटांनी थोडा थोडा उघडत जा. एप्रिलमध्ये मला दहा मिनिटं पुरतात, डिसेंबरमध्ये वीस लागतात. रंग बघत राहा, पोपटीचा हिरवा होतो, हिरव्याचा निळा, आणि मग निळ्यावर राखाडी-खाकी झाक चढते. ती झाक आल्याशिवाय उचलायचं नाही. बहुतेक जण निळा दिसला की आनंदाने उचलतात आणि धुतल्यावर सगळं वाहून जातं.

मग लगेच सावलीत बादलीत. पहिल्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर, नंतर साधं पाणी, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, निदान पाच-सहा पाणी. ही दोन मिनिटं मला सगळ्यात प्रिय आहेत, कारण राखाडी धुऊन जातं आणि खालून फेस पांढरा स्वच्छ वर येतो. सावलीत वाळवा, निळा पुढचा एक दिवस गडद होत राहतो. आता काकांकडे शिवायला. एक शर्ट उलट्या बाजूने शिवून बघा, हवाईत सर्फर मंडळींत अशा उलट्या, विटक्या दिसणाऱ्या छापाची पद्धत १९६०च्या दशकापासून आहे आणि आपल्या निळ्याला ती फार शोभते.

हा शर्ट किनाऱ्यावर फिरायचा आहे, पाण्यात उतरायचा नाही. काशीदला जीन्स घालून लाटेत शिरलेली मुलं बघते तेव्हा पोटात गोळा येतो, ओलं कॉटन आणि डेनिम इतकं जड होतं की पाय उचलत नाहीत. पाण्यासाठी बोर्डशॉर्ट घ्या, पटकन वाळणारं पॉलिस्टर किंवा नायलॉन, कमरेला इलॅस्टिकऐवजी नाडी असलेली, म्हणजे लाटेने खाली ओढली जात नाही. लांबी गुडघ्यापर्यंत, कारण सर्फबोर्डवर पाय घसरू नये म्हणून मेण घासलेलं असतं आणि त्याने मांड्या सोलतात. वर रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला चिकटणारा टी-शर्ट. कोळ्यांचा कमरेचा रुमाल बघा, तोही याच हिशोबाचा, पाण्यात अडकेल असं काही नाही, वाळायला वेळ नाही. सर्फिंग शिकायचंच असेल तर कर्नाटकात मुल्की किंवा तमिळनाडूत कोवलम, आणि जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर पाण्यात जाऊच नका.

धुणं शेवटी सांगते पण सगळ्यात महत्त्वाचं तेच. माझा पहिला शर्ट मी नेहमीच्या कपड्यांबरोबर सोडा असलेल्या पावडरमध्ये भिजवला आणि तासाभरात निळा जाऊन गंजासारखा पिवळट झाला. प्रशियन ब्ल्यूला अल्कली चालत नाही. रिठ्याचं पाणी उत्तम, नाहीतर थोडा सौम्य शाम्पू, हाताने, गार पाण्यात, ब्लीच कधीच नाही. समुद्राचं पाणीही किंचित अल्कलीच, म्हणून फेसाचे शिंतोडे उडाले असतील तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून काढा.

आणि उन्हाने निळा फिका पडला तर लगेच नवीन छापायला घेऊ नका. मागच्या जानेवारीत कर्द्याला चार दिवस सलग घातलेला जाळ्याचा शर्ट परत आला तेव्हा खांद्यांवर अगदी आकाशी झाला होता. मी तो धुऊन, वाळवून, कपाटात अंधारात हँगरला मोकळा लावून ठेवला, हवा लागेल असा. आठवड्याने दार उघडलं तर निळा बराचसा परत आला होता.